गव्हाची पचनशक्ती

मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत गव्हाच्या शेतावर पाठीवरच्या पंपाने औषध फवारतात. फवारणारा गहू कोणता आणि तण कोणते हे पाहत बसत नाही. तुषार दोघांवरही सारखेच पडतात. दोन-चार दिवसांत चाकवत, म्हणजे आपल्या मालव्यातला बथुआ, पिळवटल्यासारखा दिसू लागतो. देठ वाकडेतिकडे वळतात, शेंडा खाली झुकतो आणि दोन-तीन आठवड्यांत रोप वाळून जाते. शेजारचा गहू मात्र जणू काही घडलेच नाही अशा थाटात उभा असतो. हे पाहून आमच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, हे विष गव्हाच्या अंगात शिरतच नाही काय? आणि शिरत असेल तर जाते कोठे? ज्या गव्हाची पोळी आपल्या पानात पडावयाची त्याच्याविषयीचा हा प्रश्न आहे. तेव्हा त्याचे उत्तर थोडे विस्ताराने द्यावे असे आम्ही ठरविले आहे.

शिरते, हे पहिले उत्तर. ‘हे रुंद पानांचे औषध आहे, गवताला लागत नाही’ असे दुकानदार सांगतो, आणि व्यवहारापुरते ते खरेही आहे. परंतु त्यावरून औषधालाच गवताची आणि रुंद पानांची पारख असते असा जो समज होतो, त्यात अर्थ नाही. औषध आंधळे असते. निवाडा होतो तो वनस्पतीच्या पोटात.

ज्या औषधाविषयी विचारणा झाली आहे ते बहुधा २,४-डी असावे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत त्यावर गुप्तपणे काम झाले आणि युद्ध संपता संपता ते बाजारात आले. वनस्पतींच्या अंगी वाढीचे नियमन करणारे ऑक्झिन नावाचे एक संप्रेरक असते. २,४-डी त्याचे सोंग घेऊन येते. खरे ऑक्झिन काम झाले की मोडले जाते किंवा बाजूला ठेवले जाते. हे सोंग सहजासहजी मोडत नाही. वाढीचा हुकूम सुटतच राहतो आणि रोप भलतीकडेच, वेडेवाकडे वाढत जाऊन मरते. एखाद्याला उपाशी न मारता अजीर्णाने मारावे, तसा हा प्रकार आहे.

आता शिरण्याची गोष्ट. प्रत्येक पानावर मेणाचा एक पातळ थर असतो. तो ओलांडल्याशिवाय आत प्रवेश नाही. गव्हाचे पान अरुंद आणि बरेचसे उभे, त्यामुळे त्यावरून थेंब घरंगळतात. त्याचा वाढता कोंबही पानांच्या वेष्टनात खाली दडलेला असतो. चाकवताचे पान पसरट आणि शेंडा उघडा. एवढ्यावरून बाजी चाकवतावर उलटते असे म्हणावे, तर चाकवताच्या कोवळ्या पानांवर जी पांढरी पिठूळ भुकटी असते (भाजी निवडताना ती बोटांना लागते) तीही पाण्याला चांगलीच अडवते! औषधात चिकटद्रव्य मिसळतात ते अशाच पानांसाठी. पावसाची ओढ बसली की मेण जाड होते, पानावर धूळ बसली की औषध धुळीतच अडकते, आणि फवारणीमागून लगेच पाऊस आला तर सारेच वाहून जाते. शेतकऱ्याला हे कोणी सांगावयास नको.

एकदा आत गेल्यावर मात्र २,४-डी परत फिरत नाही. पेशीच्या बाहेरचा रस किंचित आंबट असतो, आतला तितका नसतो. बाहेरच्या आंबट रसात हे द्रव्य ज्या रूपात असते त्या रूपात ते पेशीचा पडदा सहज ओलांडते. आत येताच त्याचे रूप पालटते आणि त्या रूपात त्याला पडदा ओलांडता येत नाही. आत यावयास दार मोकळे, बाहेर जावयास बंद. पुढे पानात तयार झालेली साखर ज्या वाटेने मुळांकडे आणि शेंड्यांकडे जाते, त्याच वाटेने हा पाहुणाही प्रवास करतो. गव्हात त्याचा हा प्रवास तोकडा पडतो, रुंद पानांच्या तणांत तो दूरवर पोहोचतो. हाही एक फरक झाला. पण खरी गंमत याच्या पुढे आहे.

अगस्ती ऋषींची कथा वाचकांस ठाऊक आहेच. इल्वल हा आपला भाऊ वातापी याला बोकड करून शिजवी आणि अतिथीच्या पानात वाढी. भोजन झाले की त्याला हाक मारी आणि वातापी अतिथीचे पोट फाडून बाहेर येई. कितीएकांचे प्राण या युक्तीने गेले. अगस्तींनी मात्र त्याला पचवून टाकले. मग इल्वलाने किती हाका मारल्या तरी यावयास वातापी उरलाच नव्हता. गहू आणि चाकवत यांच्यातला भेद हाच आहे.

गव्हाच्या पेशींत सायटोक्रोम पी-४५० या नावाच्या विकरांचे, म्हणजे ज्यांना आपण एन्झाइम म्हणतो त्यांचे, एक मोठे कुटुंब असते. त्यांतले काही विकर २,४-डीच्या मूळ कड्याला प्राणवायूचा एक अणू जोडतात. जोड दिसावयास लहान, परंतु सोंग तेवढ्यानेच उघडे पडते. ऑक्झिन म्हणून त्याला कोणी ओळखीत नाही. मग त्या जोडावर दुसरा विकर ग्लुकोजचा रेणू चिकटवतो, आणि अशी साखर चिकटली की ते ओझे पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे पाण्याने भरलेल्या मोठ्या कोठीत, ढकलून दिले जाते. तेथून त्याचे मूळ रूप परत येत नाही. रुंद पानांची तणे अगदीच हात जोडून बसतात असे नाही. तीही २,४-डीला काहीतरी चिकटवतात. बहुधा एखादे अमिनो आम्ल, नाहीतर साखरच, पण ती भलत्या टोकाला. मूळ कडे तसेच राहते, आणि हा जोड सुटतो. सुटला की वातापी पुन्हा बाहेर.

प्राण्यांना मूत्रपिंडे आहेत. नको ते बाहेर टाकण्याची सोय आहे. झाडाला ती नाही. त्यामुळे त्याला विष मोडावे लागते, बांधावे लागते आणि घरातच कोठेतरी कुलपात ठेवावे लागते. काही भाग पेशीभित्तिकेच्या लाकडाशी कायमचा जखडला जातो. प्राणवायू जोडणारे हे पी-४५० विकर आपल्या यकृतातही आहेत, आणि औषधांचा निचरा करण्याचे काम तेथेही त्यांच्याकडेच आहे. हे साम्य पाहून झांडरमान या जर्मन शास्त्रज्ञांनी वनस्पतींच्या या यंत्रणेला ‘हिरवे यकृत’ म्हटले. आम्हांस त्यापेक्षा आपला नीळकंठ अधिक समर्पक वाटतो. त्यानेही हलाहल थुंकले नाही आणि पोटातही जाऊ दिले नाही; जेथल्या तेथे कोंडून ठेवले.

ही पचनशक्ती सदासर्वकाळ सारखी नसते, हे ध्यानात घ्यावयास हवे. गव्हावर २,४-डी पेरणीनंतर साधारण ३० ते ३५ दिवसांनी फवारावे, हेक्टरी सुमारे ५०० ग्रॅम सक्रिय घटक पडेल इतकेच, असे जे सांगतात ते उगीच नव्हे. फुटवे येण्यापूर्वी फवारले तर पाने नळीसारखी गुंडाळतात आणि पुढे ओंब्या वेड्यावाकड्या निघतात. कांडे धरू लागल्यावर फवारले तर आत घडत असलेल्या ओंबीलाच धक्का बसतो. अगस्तीही बाळपणी वातापी पचवू शकले असते की नाही, कोण जाणे! आणि कापूस, टोमॅटो, द्राक्ष यांच्या अंगी तर हे बळ जवळपास नाहीच. २,४-डी मारलेला पंप नीट न धुता त्याच पंपाने कापसावर कीटकनाशक मारल्यामुळे कापसाची पाने बेडकाच्या पायासारखी फाटल्याची उदाहरणे जगभर झाली आहेत. निमाडात ज्यांची शेती आहे त्यांनी गव्हाचा पंप आणि कापसाचा पंप वेगळा ठेवावा.

आता वाचक भगिनींच्या पोळीकडे येऊ. फवारणी पिकाच्या बालपणात होते आणि दाणा भरतो तो त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी. तोवर पानात शिरलेल्या औषधाचा बहुतेक भाग मोडून गेलेला असतो. दाण्यात मूळ द्रव्याचा राहिला तर लेशमात्र अंश राहतो, आणि तो किती चालावा याच्या मर्यादा अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ठरविल्या आहेत. मात्र येथे एक खोच आहे. झाडाने साखर चिकटवून कोंडलेले द्रव्य जनावराच्या किंवा माणसाच्या आतड्यात गेले की तेथले जिवाणू ती साखर सोडवू शकतात. म्हणून अवशेष तपासताना केवळ मूळ औषध मोजून भागत नाही, ही बांधलेली रूपेही हिशेबात घ्यावी लागतात. गव्हापेक्षा आम्हांस चिंता वाटते ती चाकवताची. गव्हाच्या शेतातून बथुआ खुडून आणून त्याची पातळ भाजी वा रायते करण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ज्या रोपाला विष पचवता आले नाही, त्याच्या अंगात ते न पचलेलेच असते. फवारलेल्या शेतातला बथुआ कितीही हिरवागार दिसला तरी घरात आणू नये. बाजारातून घेताना तो कोठला, हे विचारावे.

गव्हाने जी वाट काढली तीच सर्वांनी काढली आहे असे नाही. मक्यावर आणि ज्वारीवर अॅट्राझिन मारतात. ते पानापेक्षा मुळांवाटे अधिक शिरते, पाण्याच्या प्रवाहाबरोबर पानांत चढते आणि तेथे प्रकाशसंश्लेषणाची साखळीच तोडते. मका त्यावर ग्लुटाथायॉन नावाचे गंधकयुक्त द्रव्य चिकटवून ते निकामी करतो; हे काम करणारा विकर अमेरिकेतील संशोधकांनी १९७० च्या आगेमागे शोधून काढला. तापावर आपण पॅरासिटामॉल घेतो तेव्हा त्यातून निपजणारा घातक अंश आपल्या यकृतातले हेच ग्लुटाथायॉन निरुपद्रवी करते. प्रमाणाबाहेर गोळ्या खाल्ल्या की त्याचा साठा संपतो आणि यकृत धोक्यात येते. मक्याचेही गणित याहून फार निराळे नाही.

याहून नवलाची गोष्ट भाताची. भात आणि सावा ही दोन्ही गवतेच, एकाच चिखलात वाढणारी, रोपावस्थेत पटकन ओळखू न येणारी. प्रोपॅनिल हे औषध मारले की सावा करपतो आणि भात तगतो. १९६० नंतरच्या दशकात याचे कारण उलगडले : प्रोपॅनिलच्या रेणूचे दोन तुकडे करणारा एक विकर भातात भरपूर असतो, साव्यात तो नावापुरताच. येथपर्यंत ठीक. परंतु काही कीटकनाशके, विशेषतः कार्बामेट आणि ऑर्गॅनोफॉस्फेट या वर्गांतली, नेमका तोच विकर बंद पाडतात. तेव्हा प्रोपॅनिलच्या आगेमागे अशा कीटकनाशकाचा फवारा झाला तर भातही साव्याच्या जोडीने करपतो. दोन्ही औषधे आपापल्या जागी निर्धोक. एकत्र येताच पिकाचा कर्दनकाळ. एका फेरीत काम व्हावे म्हणून पंपाच्या टाकीत दोन-तीन बाटल्या ओतणाऱ्यांनी ही गोष्ट मनात ठेवावी.

उलटा न्यायही निसर्गात आहे. इंग्लंडातील वाय कॉलेजात प्राध्यापक वेन यांनी १९५० नंतरच्या वर्षांत असे दाखविले की, २,४-डीबी नावाचे द्रव्य स्वतः फारसे विषारी नसते. पण बरीच तणे आपल्या पेशींत त्याची शेपटी तोडतात आणि त्याचे २,४-डी बनवतात. ज्या पिकांना हे तोडकाम नीट साधत नाही, उदाहरणार्थ लसूणघास, ती वाचतात. म्हणजे गहू पचवतो म्हणून जगतो, आणि लसूणघासाला पचवता येत नाही म्हणून तो जगतो. तणाने आपल्याच हातांनी आपले विष घोटावे, याला काय म्हणावे?

आपल्या मालव्यातला रोजचा प्रश्न मात्र खरिपातला, सोयाबीनचा. पेरणीनंतर १५ ते २० दिवसांनी, तण दोन-तीन पानांवर असताना, इमाझेथापायर फवारण्याची रूढी आता गावोगाव झाली आहे. डोरा-कुलपा चालवणारे हात मिळेनासे झाले आणि पावसाची उघडीप मिळेल याचा भरवसा नाही. अमिनो आम्ले बनवणाऱ्या एका विकराला हे औषध कुलूप घालते. सोयाबीन त्याला गव्हासारखेच प्राणवायू जोडून आणि साखर चिकटवून काही दिवसांत निकामी करते. रान चिभडले असेल, ऊन नसेल, गारठा असेल, तर हे पचन मंदावते. पाने आठवडाभर पिवळी पडतात आणि वाढ थबकते. मग घाबरून कोणी युरिया फेकतो, कोणी दुकानातून रंगीत बाटली आणतो. बहुतेक वेळी ऊन पडताच पीक आपोआप सावरते. यातही एक मेख आहेच. सोयाबीनने आपल्या अंगातले औषध मोडले तरी जमिनीत पडलेले काही महिने टिकू शकते, आणि मागून पेरलेल्या मोहरीला ते पचत नाही. गव्हाला सहसा त्याचा उपद्रव होत नाही. कोणत्या रानात काय मारले याची नोंद वहीत असली पाहिजे.

याच इमाझेथापायरला दाद न देणारे बासमतीचे दोन वाण, पुसा बासमती १९७९ आणि १९८५, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने २०२१ मध्ये दिले. त्यांची तऱ्हा वेगळी. ते औषध पचवून वाचतात असे नाही. ज्या विकराला औषध कुलूप घालते त्याचाच आकार उत्परिवर्तनाने बदललेला असल्यामुळे किल्ली तेथे बसतच नाही.

आता ज्याच्यासाठी आम्ही इतका वेळ लेखणी आवरून धरली होती, त्या पाहुण्याकडे वळतो. पंजाब-हरियाणात गव्हामध्ये एक गवत उगवते. हरियाणात त्याला मंडूसी म्हणतात, अन्यत्र गुल्ली डंडा, आणि कित्येक ठिकाणी ‘गेहूँ का मामा’. रोपटे गव्हासारखे दिसते म्हणून मामा! भाच्याच्या ताटातले सगळे खाऊन वर त्याच्याच घरात मुक्काम ठोकणारा हा मामा बुटक्या गव्हाच्या वाणांबरोबर, पाण्याखतावर, मातला. त्याच्यावर आयसोप्रोट्युरॉन हे औषध आले आणि १९८० नंतरच्या दशकात शेतकऱ्यांनी तेच, वर्षामागून वर्षे, भात-गहू भात-गहू अशा एकाच चक्रात वापरले. गहू ते औषध पी-४५० विकरांनी मोडत असे, मामाला ते जमत नसे. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हरियाणातील शेतांवर मामा मरेनासा झाला. हिसारच्या कृषी विद्यापीठातील मलिक आणि सिंह यांनी हे जगापुढे मांडले. शिफारशीच्या कितीतरी पट मात्रा द्यावी तरी रोप उभे! कित्येकांनी हिरवा गहू कापून जनावरांना घातला.

मामाच्या पोटात काय घडले होते? प्रयोगात पी-४५० विकरांना अडवणारे द्रव्य औषधाबरोबर दिले, तेव्हा हे न मरणारे मामा पुन्हा मरू लागले. म्हणजे भाच्याची विद्या मामाने उचलली होती. उचलली असे म्हणणे बोलण्यापुरते. लाखो रोपांत मुळातच बरी पचनशक्ती असलेली जी तुरळक रोपे होती, तीच दरवर्षी फवाऱ्यातून वाचत गेली, त्यांचेच बी पडत गेले आणि शेवटी शेत त्यांचेच झाले. १९९७-९८ पासून क्लॉडिनाफॉप, फेनॉक्साप्रॉप, सल्फोसल्फ्युरॉन अशी नवी औषधे सुचविली गेली. क्लॉडिनाफॉपच्या पुडीत तर गव्हाची पचनशक्ती तेवढी वाढवणारे एक रक्षक द्रव्यही घातलेले असते. काही वर्षे बरी गेली. पुढे यांनाही न जुमानणारा मामा दिसू लागला. पचन करणाऱ्या विकरांची वाईट खोड ही की, एकासाठी तरबेज झालेला विकर कधी कधी ज्या औषधाशी त्या रोपाची गाठच पडलेली नाही तेही मोडून टाकतो; म्हणून नुसती बाटली बदलून पुष्कळदा भागत नाही.

जबलपूरला १९८९ पासून तणांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, आणि सोयाबीनची आपल्या इंदूरलाच आहे. तेथील मंडळी पीकपालट, औषधांच्या गटांची अदलाबदल आणि निदान एक तरी खुरपणी यांचा आग्रह धरतात. मामाच्या मुलखात ज्यांनी उसाला किंवा बरसीमसारख्या चाऱ्याच्या पिकाला मध्ये जागा दिली, त्यांच्याकडे त्याचा जोर कमी राहिला. बरसीमची वारंवार कापणी होते आणि मामाला बी धरावयास अवकाशच मिळत नाही. फवाऱ्यातून जी रोपे सुटतात, तीच नेमकी पचवणारी. त्यांचे बी पडण्यापूर्वी ती हाताने उपटणे हे काम कंटाळवाणे खरे, पण दुसऱ्या कोणत्याही उपायाने ते होत नाही. ओळखावे कसे, असे विचाराल तर ओंबी येईपर्यंत थांबू नये. रोप बुडाशी धरून पाहावे. गव्हाचे बूड हिरवट-पांढरे असते, मामाचे बहुधा तांबूस, आणि मोडले तर त्यातून लालसर रस येतो.